मोफत ज्ञान आणि आपली बैठक

ग्वाल्हेरला पाहुणे आले की आपण त्यांना फूलबाग दाखवतो. एकाच परिसरात गोपाळ मंदिर, मोती मशीद, गुरुद्वारा आणि थिऑसॉफिकल लॉज. जवळच राणी लक्ष्मीबाईंची समाधी. मग किल्ला. पूर्वेकडच्या चढावर, हत्ती पोळीच्या अलीकडे, एकाच खडकात कोरलेले चतुर्भुजाचे लहानसे देऊळ लागते. तेथे थांबून आपण मोठ्या अभिमानाने सांगतो, ‘जगातले सर्वांत जुने शून्य येथे कोरलेले आहे.’

हे वाक्य आपण कोणाकडून तरी ऐकलेले असते. वडिलांकडून, गाईडकडून, अलीकडे व्हॉट्सॲपवरून. ते तपासून पाहावे असे आपल्याला सहसा वाटत नाही. आणि तीस वर्षांपूर्वी वाटले असते तरी तपासणार कसे? या लेखाचे वाचन ज्या जाडजूड इंग्रजी खंडात छापले आहे, तो पाहायला एखाद्या मोठ्या ग्रंथालयात ओळख काढून जावे लागले असते. आज तोच खंड हातातल्या फोनवर दोन-चार मिनिटांत उघडतो, आणि त्यासाठी एक पैसाही द्यावा लागत नाही.

या बदलाविषयी चार गोष्टी आपल्यापुढे ठेवायच्या आहेत. घरबसल्या शिकण्याची मोफत साधने कोणती, ती कशी वापरावीत, ‘मोफत’ या शब्दात काय काय दडलेले असते, आणि एवढे सगळे हाताशी असूनही आपले बहुतेकांचे शिकणे अर्ध्यात का सुटते. सुरुवात त्या शून्यापासूनच करू.

शून्याची तपासणी

इंटरनेट अर्काइव्ह नावाचे एक सार्वजनिक ग्रंथालय आहे. ब्रूस्टर काल यांनी ते १९९६ मध्ये अमेरिकेत सुरू केले. तेथे ‘एपिग्राफिया इंडिका’ या शिलालेखविषयक मालिकेचा १८९२ मधला पहिला खंड शोधावा. त्याच्या १५४व्या पृष्ठापासून हुल्ट्झ या जर्मन पंडिताने आपल्या या देवळातील दोन संस्कृत लेखांचे वाचन दिले आहे. त्यांतला दुसरा लेख विक्रम संवत ९३३ चा, म्हणजे इसवी सन ८७६ चा. राज्य प्रतिहार वंशातल्या भोजाचे. नगराने देवतेसाठी फुलबागेची जमीन दिली, त्याची ती नोंद आहे. जमिनीची लांबी २७० हात, रुंदी १८७ हात. रोज ५० माळा पुरवाव्यात, अशी तरतूदही त्यात आहे. २७० आणि ५० या आकड्यांतले शून्य आजच्यासारखेच, फक्त आकाराने थोडे लहान वर्तुळ आहे.

म्हणजे ग्वाल्हेरचे प्रसिद्ध शून्य हे एका फुलबागेच्या मोजमापातले शून्य आहे. आपल्या फूलबागेशी त्या बागेचा संबंध नाही, मध्ये हजार वर्षांचे अंतर आहे. तरी पाहुण्यांना सांगण्यासारखी ही गोष्ट मूळ लेख उघडल्यावरच हाती लागते.

आता ‘सर्वांत जुने’ या शब्दांकडे वळू. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठाने ‘मॅकट्यूटर’ या नावाने गणिताच्या इतिहासाचे एक मोठे संकेतस्थळ चालवले आहे. ते सर्वांना खुले आहे. तेथे शून्यावरचा लेख वाचला की ब्रह्मगुप्त भेटतो. त्याने इसवी सन ६२८ मधल्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धांता’त शून्याच्या बेरीज-वजाबाकीचे नियम दिले आहेत, म्हणजे शून्याची कल्पना आपल्या शिलालेखाच्या अडीचशे वर्षे आधी पक्की झाली होती. पुढे शोध घेतला की कंबोडियातला सांबोर येथील लेख समोर येतो. त्यात शके ६०५, म्हणजे इसवी सन ६८३, हे वर्ष कोरताना शून्याच्या जागी ठिपका आहे. तोही आपल्या लेखापेक्षा जुना. मग बख्शाली हस्तलिखित. ते १८८१ मध्ये पेशावरजवळ सापडले आणि आता ऑक्सफर्डला आहे. २०१७ मध्ये त्याच्या काही पानांची कार्बन-चाचणी झाली तेव्हा वेगवेगळ्या पानांचे काळ शतकानुशतके वेगळे निघाले, सर्वांत जुना तिसऱ्या-चौथ्या शतकातला. वर्तमानपत्रांनी तोच उचलून धरला. काही अभ्यासकांनी लगेच हरकत घेतली की सगळे हस्तलिखित सलग लिहिल्यासारखे दिसते, तेव्हा त्याचा काळ सर्वांत जुन्या पानावरून ठरवता येत नाही.

एवढे वाचल्यावर आपले वाक्य बदलावे लागते. ‘भारतात दगडावर कोरलेल्या आणि ज्याचे वर्ष लेखातच दिलेले आहे अशा शून्याच्या अगदी जुन्या नमुन्यांपैकी हा एक,’ असे म्हणणे योग्य. पहिल्या वाक्यापेक्षा हे लांब आहे आणि टाळ्या कमी मिळवील. पण ते आपले स्वतःचे, पारखून घेतलेले वाक्य आहे. उद्या नातवाने ‘आजोबा, हे कशावरून?’ असे विचारले तर त्याला पान उघडून दाखवता येईल.

या उदाहरणात मोफत साधने वापरण्याची सारी रीत आली. हातात एक नेमका प्रश्न असावा. शक्य तितके मूळ कागदापर्यंत जावे. मग त्याच विषयावर निदान दुसरे एक जाणते मत पाहावे, आणि शेवटी आपला निष्कर्ष आपल्या शब्दांत लिहून ठेवावा. प्रश्न हातात नसेल तर हेच इंटरनेट आपल्याला एका चित्रफितीवरून दुसऱ्या चित्रफितीवर नेत राहते. दोन तास कसे गेले ते कळत नाही, आणि शिकलो काय म्हणावे तर सांगता येत नाही.

मराठीचे कपाट

दौलतराव शिंद्यांच्या छावणीचे लष्कर १८१० मध्ये येथे कायमचे वसले, तेव्हापासून धरले तरी आपल्यापैकी अनेक घराण्यांना येथे दोनशे वर्षे होऊन गेली. घरात मराठी टिकली. शाळेत हिंदी आली आणि मग इंग्रजी. आज पुष्कळ घरांत नातवंडांना मराठी कळते, बोलता येते, पण वाचताना ती अडखळतात. पुण्याची नवी पुस्तके येथे सहज मिळत नाहीत आणि घरातली जुनी जीर्ण झाली आहेत. म्हणून पुण्या-मुंबईच्या माणसापेक्षा आपल्याला या मोफत साधनांचे मोल अधिक आहे.

पहिले नाव ज्ञानकोशकार केतकरांचे घ्यायला हवे. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा जन्म १८८४ मध्ये रायपूरचा, म्हणजे तेही बृहन्महाराष्ट्राचेच. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात डॉक्टरेट मिळवून परतल्यावर त्यांनी मराठीत ज्ञानकोश करायचे मनावर घेतले. १९१६ मध्ये नागपुरात त्यासाठी मंडळी स्थापली आणि गावोगाव हिंडून वर्गणीदार मिळवले. त्या कष्टांतून ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे २३ खंड उभे राहिले. ज्या ज्ञानकोशासाठी त्यांनी लोकांचे उंबरठे झिजवले, तो आज यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानामुळे इंटरनेटवर कोणालाही मोफत वाचता येतो. त्यातली पुष्कळ माहिती आता शंभर वर्षे जुनी झाली आहे, हे ध्यानात ठेवूनच तो वाचावा. विज्ञानासाठी तो उपयोगाचा नाही. त्या काळचा मराठी माणूस जगाकडे कसा पाहत होता, हे समजून घ्यायला मात्र त्याच्यासारखे साधन नाही.

त्यानंतर मराठी विश्वकोश. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईला त्याचे काम चालले आणि १९७६ मध्ये पहिला खंड निघाला. त्याचे सर्व २० खंड आता संकेतस्थळावर आहेत. एखाद्या विषयाची मराठीत पहिली ओळख करून घ्यायची तर येथून सुरुवात करावी, कारण नोंदी त्या त्या विषयाच्या जाणकारांनी लिहिलेल्या आणि संपादकांनी तपासलेल्या आहेत.

शब्दांसाठी शिकागो विद्यापीठाचा दक्षिण आशियाई कोशांचा संग्रह आहे. मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश, दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’, तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश, हे सगळे तेथे शब्द टाइप करून शोधता येतात. ‘बृहद्कोश’ या मराठी संकेतस्थळावरही अनेक कोश एकत्र पाहता येतात. नातवंडांना याची गोडी लावायची असेल तर घरच्या आडनावापासून आरंभ करावा. फडणीस, चिटणीस, पोतनीस, वाकनीस या नावांचा अर्थ मोल्सवर्थमध्ये काढून दाखवला की पोरांना उमगते, आपले आडनाव म्हणजे कोणा पूर्वजाची नोकरी होती. मग ती आपणहून दुसरे शब्द शोधू लागतात.

ज्यांना अक्षरापासून सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी बालभारतीची पाठ्यपुस्तके पहिलीपासून पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. हिंदी माध्यमातल्या मुलाला देवनागरी येतेच. त्याला मराठीची पहिली-दुसरीची पुस्तके रोज एक पान याप्रमाणे मोठ्याने वाचायला लावली तर काही महिन्यांत अडखळणे कमी होते. पुढे अरविंद गुप्ता यांचे संकेतस्थळ आहे. टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करणारे हे गृहस्थ अनेक वर्षे पुण्याच्या आयुकात काम करत होते. त्यांनी मुलांसाठीची हजारो पुस्तके मराठी, हिंदी व इंग्रजीत खुली करून ठेवली आहेत. मोठ्यांसाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तके आहेत, आणि मराठी विकिस्रोतावर हक्कमुक्त ग्रंथ आहेत.

‘मोफत’चे प्रकार

येथे एक खुलासा आवश्यक आहे. जे फुकट मिळते ते सगळे एका जातीचे नसते.

काही ग्रंथ मोफत आहेत, कारण त्यांच्यावरचा हक्क संपला आहे. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनाच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून साठ वर्षे हक्क चालतो. आपले राजकवी भा. रा. तांबे १९४१ मध्ये ग्वाल्हेरातच वारले; म्हणून १ जानेवारी २००२ पासून त्यांची कविता सर्वांची झाली. ती कोणीही छापावी, वाचून ध्वनिमुद्रित करावी, इंटरनेटवर ठेवावी. हरिभाऊ आपटे, राजवाडे, केतकर हेही असेच आता सर्वांचे आहेत.

दुसरा प्रकार धन्याने स्वतः खुले केलेल्या गोष्टींचा. बालभारती, विश्वकोश, विद्यापीठांचे अभ्यासक्रम त्यात येतात. तिसरा प्रकार चोरीचा. हयात लेखकाची नवी कादंबरी व्हॉट्सॲपवर पीडीएफ होऊन फिरते, तेव्हा ती मोफत नसते. तिची किंमत त्या लेखकाने आणि प्रकाशकाने भरलेली असते. साहित्यसंस्थेच्या सभासदांनी तरी ती पुढे पाठवू नये.

चौथा प्रकार आमिषाचा. पहिले चार धडे मोफत, मग फोनवर फोन आणि वर्षाची फी एकदम भरण्याचा आग्रह. याची सोपी पारख अशी, की मोफत गोष्टीसाठी जो बँकेचे कार्ड किंवा ओटीपी मागतो, त्याच्याकडे शिकायला जाऊ नये.

आणखी एक सावधगिरी. इंटरनेटवर आज आहे ते उद्या असेलच असे नाही. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ने देशभरची जुनी पुस्तके स्कॅन केली, त्यांत मराठी पुस्तकेही पुष्कळ होती. पुढे ते संकेतस्थळ बंद पडले. त्यांच्या प्रती इंटरनेट अर्काइव्हवर गेल्या होत्या म्हणून आपल्याला आजही त्या वाचता येतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या अर्काइव्हवरही हल्ला होऊन ते काही दिवस बंद होते. तेव्हा कामाचे हक्कमुक्त पुस्तक सापडले की त्याची प्रत आपल्या संगणकात उतरवून ठेवावी, आणि एक पेन ड्राइव्हवरही.

शंभरांतले तीन

पुस्तकांनंतर अभ्यासक्रम. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेने २००१ मध्ये आपले अभ्यासक्रम जगाला मोफत खुले करण्याचे जाहीर केले. आपल्याकडे २००३ च्या सुमारास सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून एनपीटीईएल सुरू केले. २०१७ मध्ये भारत सरकारचे ‘स्वयम्’ आले. चार, आठ किंवा बारा आठवड्यांचे अभ्यासक्रम, दर आठवड्याला व्याख्याने आणि गृहपाठ. विषय अभियांत्रिकीपासून भाषाशास्त्र आणि तत्त्वज्ञानापर्यंत. ऐकणे मोफत, प्रमाणपत्र हवे असेल तर फी भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची. शाळकरी गणितासाठी खान अकादमी आहे. सलमान खान नावाच्या गृहस्थांनी २००४ मध्ये दूर राहणाऱ्या आपल्या बहिणीला फोनवरून गणित शिकवायला घेतले, त्यातून ती उभी राहिली. तिचे धडे हिंदीतही आहेत. निवृत्तीनंतर शाळेतले राहून गेलेले बीजगणित पुन्हा पहिल्यापासून करायचे असेल तर तेथे कोणी हसत नाही.

मग अडते कोठे? एमआयटीच्या दोन संशोधकांनी हार्वर्ड आणि एमआयटीच्या मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमांचा सहा वर्षांचा हिशेब तपासून २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडला. नाव नोंदवणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी अभ्यासक्रम उघडूनसुद्धा पाहिला नव्हता. २०१७-१८ या वर्षी शेवटपर्यंत पोहोचले ते शंभरांतले सुमारे तीन. मात्र प्रमाणपत्रासाठी ज्यांनी पैसे भरले होते, त्यांच्यातले जवळजवळ निम्मे पोहोचले. धडे दोघांना एकच होते. पैसे भरणाऱ्यांचा हेतू मुळातच पक्का असणार, हे खरे. पण आपण स्वतःला कशाने तरी बांधून घेतले की पुढे जाण्याची शक्यता वाढते, एवढे त्यातून घ्यायला हरकत नाही.

भातखंड्यांची पुस्तके आणि ग्वाल्हेरची तालीम

ही गोष्ट ग्वाल्हेरला नवी नाही. पंडित विष्णू नारायण भातखंडे मुंबईचे वकील. घराण्याघराण्यांत जपून ठेवलेल्या बंदिशी देशभर फिरून त्यांनी गोळा केल्या, स्वरलिपीत बसवल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’त छापून टाकल्या. जे पूर्वी गुरूची वर्षानुवर्षे सेवा केल्यावर मिळे, ते पुस्तकाच्या किमतीत कोणालाही मिळू लागले. काही गवयांना ते रुचले नाही. माधवराव महाराजांना रुचले. त्यांनी येथले काही गायक भातखंड्यांकडे मुंबईला शिकायला पाठवले, त्यांत राजाभैया पूछवाले होते, आणि १९१८ मध्ये ग्वाल्हेरात माधव संगीत विद्यालय सुरू झाले.

येथे लक्ष देण्याजोगी गोष्ट अशी की, बंदिशी छापून झाल्यावरही भातखंड्यांना शाळा काढावीशी वाटली. पुस्तक घेऊन घरी बसा आणि गा, असे ते म्हणाले नाहीत. स्वरलिपीमुळे बंदिशीचा सांगाडा कळतो. गळ्यावर काय चढले आणि काय चढले नाही, हे समोर बसलेला दुसरा माणूस सांगतो. पुस्तकाने बंद दार उघडले. बैठक आणि तालीम यांची गरज तशीच राहिली.

इंटरनेटवरच्या शिक्षणाचेही तसेच आहे. त्याने दार उघडले आहे, तेही फार मोठे. बाकीच्या तीन गोष्टी आपल्याला आणाव्या लागतात : ठरलेली वेळ, ठरलेला क्रम, आणि आपली चूक दाखवणारे कोणीतरी. शंभरांतले सत्त्याण्णव जेथे सुटतात ती जागा हीच.

पेटीतले कागद

हे सगळे आपल्या कामी कसे लावायचे, याचा एक नमुना सुचवतो. लष्करातल्या पुष्कळ जुन्या घरांत माळ्यावर एखादी पत्र्याची पेटी असते. तीत मोडीतले कागद असतात. सनदा, हिशेब, लग्नाच्या याद्या, काशीहून आलेली पत्रे. पणजोबा ते वाचत. आजोबांना थोडे लागत. आज घरात कोणाला ते वाचता येत नाही. वाळवी लागली तर जातील, किंवा घर विकताना रद्दीत जातील, आणि त्यांत काय होते हे कळण्याआधीच जातील. बाहेरचा कोणी विद्वान आपल्या पेटीसाठी येणार नाही. ते काम आपलेच आहे, आणि त्यासाठी लागणारी साधने आज मोफत आहेत.

पहिला महिना भाषेचा. लिपीकडे लगेच वळू नये. रियासतकार सरदेसाई यांनी ‘पेशवे दप्तरा’तून निवडलेली कागदपत्रे १९३० नंतरच्या काही वर्षांत ४५ भागांत देवनागरीत छापली; ती इंटरनेट अर्काइव्हवर आहेत. रोज एक पत्र वाचावे. अडलेला फारसी शब्द मोल्सवर्थमध्ये पाहावा आणि वहीत उतरवावा. पत्राचा मायना, तारीख, शेवट यांचे ठराविक साचे महिनाभरात ओळखीचे होतात.

कालगणनाही याच वेळी शिकून घ्यावी. जुन्या कागदांत ‘तिसा तिसैन मया व अलफ’ अशी वर्षे येतात. हे अरबी आकडे आहेत : नऊ, नव्वद, शंभर आणि हजार, मिळून सुहूर सन ११९९. सुहूर सन मृगापासून सुरू होतो. त्यात मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवले की इसवी सन येतो. म्हणजे तो कागद १७९८-९९ मधला, दौलतराव शिंद्यांच्या काळातला.

दुसरा महिना लिपीचा. मोडीत आधी पानभर शिरोरेघ ओढत आणि तिच्याखाली हात न उचलता अक्षरे लिहीत जात. शब्दांमध्ये जागा सोडण्याची पद्धत नाही. इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घ असा भेदही बहुधा नसतो. म्हणूनच आधी भाषा हवी. पुढचा शब्द कोणता येणार याचा अंदाज असला की अक्षर लागते. मोडीची मुळाक्षरे शिकवणारी पुस्तके आणि चित्रफिती इंटरनेटवर आहेत. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले आणि आता तिचे मोफत फाँटही मिळतात. ते अक्षरओळखीला बरे. हात बसायला मात्र कित्ता गिरवावा, तोही कागदावर, बोरूने नाही तर पेनाने.

तिसऱ्या महिन्यात पेटी उघडावी. कागद उन्हात ठेवू नयेत. खिडकीजवळच्या उजेडात सपाट ठेवून फोनने छायाचित्र घ्यावे, शेजारी मोजपट्टी ठेवावी, प्रत्येकाला क्रमांक द्यावा. घडीवर फाटत असलेला कागद जबरीने उलगडू नये आणि चिकटपट्टी तर कधीच लावू नये. सगळ्यांत सोपा कागद आधी घ्यावा. हिशेब आणि याद्या लवकर लागतात, कारण त्यांत तेच तेच शब्द येतात.

आणि हे एकट्याने करू नये. चार-पाच घरांनी मिळून आठवड्यातला एक दिवस ठरवावा. फूलबागेतल्या बाकावरसुद्धा हे जमेल. प्रत्येकाने आठवड्यात वाचलेल्या पाच ओळी देवनागरीत लिहून आणाव्यात आणि दुसऱ्याने त्या मूळ छायाचित्राशी ताडून पाहाव्यात. एकाला ‘पागा’ वाटले ते दुसऱ्याला ‘पागोटे’ दिसते, त्यावर वाद होतो, कोश उघडला जातो. ज्यांचे डोळे अधू झाले आहेत त्यांनी जुन्या शब्दांचे अर्थ सांगावेत. फोन नीट चालवता येतो त्या नातवाने छायाचित्र मोठे करून दाखवावे. आजोबांना नातवाची गरज आणि नातवाला आजोबांची, अशी कामे आता घरात फार उरलेली नाहीत.

जे वाचून होईल ते पुन्हा पेटीत बंद करू नये. जमिनीच्या वादाचे आणि खाजगी स्वरूपाचे कागद घरातच ठेवावेत. बाकीच्यांची छायाचित्रे आणि वाचने घरातल्या सर्वांच्या संमतीने आपल्या संस्थेकडे द्यावीत, इंटरनेटवर खुली करावीत. केतकरांचा कोश, मोल्सवर्थचा कोश, सरदेसायांची दप्तरे आपल्याला फुकट मिळाली, कारण कोणीतरी ती जमवली, कोणीतरी स्कॅन केली आणि कोणीतरी खुली ठेवली. त्या रांगेत ग्वाल्हेरच्या मराठी घरांनीही आपला वाटा टाकावा.

शून्याच्या त्या शिलालेखातल्या माळ्यांना रोज पन्नास माळा द्यायच्या होत्या. आपल्याला रोज पाच ओळी पुरतील. या रविवारी पेटी माळ्यावरून खाली काढा, वरची धूळ पुसा, आणि पहिल्या कागदाला क्रमांक एक द्या.